धाकट्याच्या वाट्याची आग

‘सोमवारी डोळ्याचं ऑपरेशन आहे’ इथवर चंद्रभाननं मुकाट्यानं लिहिलं. भिलाईच्या थोरल्या भावाला जाणारं हे पोस्टकार्ड गेली अठरा वर्षं महिन्यातून एकदा तो असंच लिहीत आला होता. मैनाबाई, त्याची आई, खाटेवर बसून सांगायची आणि तो खाली बसून, मांडीवर जुनं कॅलेंडर ठेवून, तिचं बोलणं शुद्ध करून उतरवायचा. मजकूर ठरलेला. रुपरावला आशीर्वाद, सुनेला आशीर्वाद, पोरांना पापे, आमचं बरं आहे, तुमचं कळवा. ‘आमचं बरं आहे’ या तीन शब्दांत चंद्रभान, त्याची बायको, दोन पोरी, गळकं छप्पर, सगळं मावायचं. पण आज ऑपरेशनपाशी आई जरा थांबली, पदरानं डोळे टिपले, आणि मोतीबिंदू झाल्यापासून ती समोरच्याकडे न बघता त्याच्या थोडं डावीकडे बघायची तशी बघत म्हणाली, “आता लेह्य, कमीजास्त झालं त आग तूच दे. चंद्रभानले सांगून ठेवलं हाय.” पेन थांबलं. “काय सांगून ठेवलं?” “हेच.” “कवा सांगून ठेवलं?” “आता सांगून राहिलो ना. लेह्य.”

आता याला काय म्हणावं! बापाला थोरल्यानं आग द्यायची आणि आईला धाकट्यानं, हे त्यांच्या तांडापेठेतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. घरात दोनच मुलगे. आठ वर्षांपूर्वी वडील, देवाजी, गेले तेव्हा रुपरावनं दिली, कोणी काही बोललं नाही, बोलायचं कारणच नव्हतं. मग आईच्या वेळी चंद्रभाननं द्यायची, यातही बोलायचं कारण नव्हतं. ही एकच गोष्ट अशी होती की जी मागायला लागत नव्हती, जी रुपरावच्या अंगावरून उतरून त्याच्याकडे आलेली नव्हती. शाळेचा सदरा उतरून आला, चप्पल उतरून आली, सायकल तर दोनदा वेल्डिंग होऊन आली. ही आग तेवढी नवी होती. आणि आता तीही त्याच्याच हातानं, त्याच्याच पेनानं, भिलाईला पाठवायची! “डूटीले उशीर होऊन राहिला,” असं म्हणून त्यानं अर्धं कार्ड सदऱ्याच्या खिशात घातलं. उन्हाची लू लागू नये म्हणून बायकोनं, प्रमोदिनीनं, त्याच खिशात कांदा ठेवलेला होता, तो कांदा कार्डाला खेटून बसला. प्रमोदिनी दारात दुपट्टा घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. “तुमाले आग द्याची एवढी हौस काहून जी?” ती हळूच म्हणाली. “मायले आंधी मरू त द्या.” त्यानं तिच्या हातातून दुपट्टा ओढून घेतला, डोक्याला गच्च गुंडाळला आणि सायकल काढली.

जूनचा शेवट आला तरी ऊन हटत नव्हतं. इतवारीतून जाताना रस्त्यावरचं डांबर चाकाला चिकटत होतं आणि चंद्रभान मनातल्या मनात आईशी भांडत होता. मनातल्या भांडणात तो फार चांगलं बोलायचा. तो म्हणत होता, माय, तुझ्या डोळ्यात दिवसातून तीनदा औषध कोण टाकतं? तुला दवाखान्यात सायकलच्या कॅरिअरवर बसवून कोण नेतं? चहा फुंकून कोण देतं? भिलाईचा साहेब देतो का? तो दसऱ्याला येतो, अर्धा किलो पेढे आणतो, तुझ्या पायाशी बसून दोन मिनिटं पाय चेपतो, की झालं, पुढं सहा महिने साऱ्या मोहल्ल्यात रुपरावच्या हातातल्या गुणाची गोष्ट चालते. आणि मी काही बोललो तर, काहून रे, तुले काय कमी हाय? नाही, कमी काही नाही. मला कधीच काही कमी नव्हतं. हीच तर माझी पंचाईत आहे, माय. समोरून येणाऱ्या रिक्षावाल्यानं ‘मरना है क्या, भाऊ?’ असं ओरडून हँडल वळवलं. चंद्रभाननं त्याला दोन शब्द सुनावले आणि तेवढंच जरा बरं वाटलं.

वर्तमानपत्राच्या कचेरीत वाळ्याचा कूलर फक्त संपादकांच्या खोलीत होता. बाकीच्यांनी त्या वाळ्याचा वास घ्यायचा आणि घाम पुसायचा. चंद्रभान टेबलाशी बसतो न बसतो तोच रविवारची पुरवणी बघणारे गोपाळराव टेलिप्रिंटरच्या कागदांची भली मोठी गुंडाळी घेऊन आले. विलायतेत राणीच्या थोरल्या मुलाला परवा मुलगा झाला होता. सगळ्या पेपरांत त्याचीच धूम. “थोरल्यावर सगळेच लिहून राहिले,” गोपाळराव म्हणाले. “आपण धाकट्यावर करू. राणीचा धाकटा. लढाईवर गेलाय ना तो. छान पान होते.” “मीच काहून?” चंद्रभान म्हणाला. त्याचा आवाज एवढा चढला की गोपाळराव चष्म्यावरून बघायला लागले. “अहो, तुमचं मराठी सोपं असते म्हणून. काय झालं?” “काही नाही,” चंद्रभान म्हणाला आणि गुंडाळी पुढ्यात ओढली.

बावीस वर्षांचा पोरगा. हेलिकॉप्टर चालवणारा. दक्षिणेकडच्या कुठल्या थंड समुद्रात, कुठल्या बेटांसाठी लढाई झाली आणि हा लढाऊ जहाजावर होता. सरकारातल्या लोकांना वाटत होतं की याला एखाद्या कचेरीत बसवावं, राणीचा मुलगा आहे, काही झालं तर? पण आईनं म्हटलं, जाऊ द्या. चंद्रभाननं ते वाक्य दोनदा वाचलं. थोरला असता तर म्हटलं असतं का हो, जाऊ द्या? आणि पुढं तर कमालच होती. त्याच्या हेलिकॉप्टरला एक काम असंही होतं की जहाजावर शत्रूचं क्षेपणास्त्र आलं तर आपण मध्ये तरंगत राहून ते आपल्याकडे ओढायचं आणि ऐन वेळी वर निघून जायचं. जहाज वाचलं पाहिजे. वा! चंद्रभाननं घाम पुसला. लढाई संपली, पोरगा अजून समुद्रातच होता, आणि इकडे घरात पुतण्या जन्मला. पुतण्या जन्मला त्या क्षणी गादीच्या रांगेत तो दोन नंबरवरून तीन नंबरवर गेला. काही न करता. काही न चुकता. ते बाळ नुसतं पहिलं रडणं रडलं आणि हा एक पायरी खाली. आणखी पुतणे होतील, आणखी खाली. थोरली बहीण होती, तीही बाई म्हणून या भावांच्या मागेच. म्हणजे त्या घरात चिडायला आणखी एक माणूस मोकळं होतं. त्याच्याहून लहान आणखी एक भाऊ होता, पण त्याचा विचार करायचं चंद्रभाननं टाळलं. एका दुपारी एवढाच वैताग पुरे होता.

त्यानं लिहायला घेतलं. पोरगा दिसायला चांगला, मुलींना आवडतो, थोरल्यापेक्षा बिनधास्त. हे सगळं छान उतरत होतं. मग त्याला आठवलं की राणीचे वडीलसुद्धा धाकटेच होते. थोरल्यानं प्रेमापायी गादी सोडली आणि ज्याला कोणी विचारलं नव्हतं त्या धाकट्याला तिच्यावर बसावं लागलं. बोलताना अडखळायचा बिचारा. चंद्रभानचं पेन पुन्हा थांबलं. इकडे तांडापेठेतल्या घरात देवाजींचा हातमाग होता, जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बसायचं आणि धोटा फेकायचा. त्या खड्ड्यात बसायचं ते रुपरावनं, हे तो चालायला लागल्यापासून ठरलेलं. चंद्रभान बाजूला बसून सुताच्या कांड्या भरायचा. मग रुपराव आयटीआय करून भिलाईच्या कारखान्यात गेला आणि एका सकाळी बाप म्हणाला, “बस आता तूच.” एवढंच. सहा वर्षं तो बसला. त्याच्या नऊवारीचा काठ रुपरावच्यापेक्षा सरळ यायचा, हे दलालसुद्धा म्हणायचा. पण बाप गिऱ्हाइकाला सांगायचा, “हा रुपरावचा माग हाय. तो गेला म्हून याले बसवला.” हातमागाचं चालेना तेव्हा माग विकला, चंद्रभान संध्याकाळच्या कॉलेजातून बीए होऊन इथं प्रूफं वाचायला लागला. खड्डा अजून समोरच्या खोलीत आहे. त्याच्यावर फळ्या टाकल्या आणि फळ्यांवर आईची खाट आहे. पाय ठेवला की फळी करकरते, तेवढंच.

आणि बापाच्या वेळचा तो दिवस. सकाळी साडेसातला देवाजी गेले. भिलाईला तार केली. मग वाट बघणं सुरू झालं. बर्फाच्या लाद्या आणल्या, पोतं अंथरलं, आणि चंद्रभान बापाच्या डोक्याशी पुठ्ठा घेऊन बसला, कारण माश्या फार होत्या. येणारा प्रत्येक माणूस दारातून एकच विचारायचा, “आला का रुपराव?” चंद्रभान तिथं बसलेला असायचा. त्याच्याकडे बघूनच विचारायचे! “नाई आला अजून.” दहा वाजता, बारा वाजता, दोन वाजता. भिलाईहून निघालेली गाडी गोंदियाला रखडली होती. उन्हात बर्फ भराभर विरघळत होता, पाणी वाहून त्याचं धोतर भिजलं होतं, बसून बसून कंबर धरली होती, पण उठायची सोय नव्हती, कारण उठला तर माश्या बसायच्या. चारला रिक्षातून रुपराव उतरला आणि सारा मोहल्ला त्याच्या गळ्यात पडून रडला. मग भराभर सगळं झालं. गंगाबाई घाट, मडकं, तीन फेऱ्या, आग. पंधरा मिनिटं. आठ वर्षं झाली, अजूनही लोक सांगतात, रुपरावनं बापाचं कसं नीट केलं. माश्यांचं कोणालाच आठवत नाही. कोणाला आठवणार? माश्या हाकलणं हे काही विधीत नाही.

तेव्हा कुठं त्याचा संताप खरा वर आला. त्यानं राजपुत्राचा कागद बाजूला सारला, न्यूजप्रिंटचा एक कोरा कपटा ओढला आणि धडाधड लिहिलं. ‘दादा, बाबांच्या वेळी तू दिलीस, मी काही बोललो नाही. आईचा मान धाकट्याचा असतो. ती काही म्हणाली तरी तू नाही म्हण. तू जाऊ शकलास, कारण मी राहिलो. तुझ्या वाट्याला सगळं आलं. एवढी एक गोष्ट माझ्याकडे राहू दे.’ लिहून त्याला एकदम हलकं वाटलं. आता हे कार्डावर उतरवायचं, आईच्या आशीर्वादाखाली, आईला वाचता येत नाही आणि मोतीबिंदूनं दिसतही नाही. बस. तेवढ्यात गोपाळराव आले, “झालं का राणीच्या पोराचं?” असं रिकाम्या खुर्चीलाच विचारून टेबलावरचे कागद गोळा करून, टाचणी लावून, खाली छपाईचे खिळे जुळवायच्या खोलीत पाठवूनही मोकळे झाले. चंद्रभान तोंड धुवायला गेला होता.

तासाभरानं बळीराम जिना चढून वर आला. खिळे जुळवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. हाताची बोटं शाईनं कायमची काळी. ओलं प्रूफ त्यानं दोन टोकांना धरलं होतं. “साहेब, राजपुत्राचं पत्र लय झकास लेहलं. म्या बॉक्स करून टाकला, बारीक चौकटीत. कुठून भेटलं तुमाले?” चंद्रभानला कळेना. बळीरामनं प्रूफ टेबलावर पसरलं. हेलिकॉप्टर, समुद्र, पुतण्या, आणि खाली डाव्या कोपऱ्यात, चहूबाजूंनी रेघ मारून, ठळक टायपात: दादा, बाबांच्या वेळी तू दिलीस. “पन एक समजलं नाई साहेब,” बळीराम म्हणाला, “राणीचा नवरा मेला कवा?”

चंद्रभानच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. दहा वर्षं दुसऱ्यांच्या चुका पकडणारा माणूस, आणि असा कपटा टेबलावर सोडून जातो! “ते काढून टाक,” तो ओरडला. “ते त्यातलं नाही. ते खासगी आहे.” शेजारच्या टेबलावरची डोकी वर झाली. बळीरामनं एकदा प्रूफाकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे, आणि त्याला समजलं. तो हसला असता तर चंद्रभाननं त्याला माफ केलं असतं. पण तो हसला नाही. अंगठ्यानं चौकटीवर फुली मारत तो हळू आवाजात म्हणाला, “मी घरात मोठा आहो, साहेब. खाप्याले लहाना भाऊ राह्यते मायबापाजवळ. मले गावाहून तार आली का समजाचं, कोनी तरी मेलं. दुसऱ्या कामाले मले कोनी बोलावतच नाई. परवा भाच्याचं बारसं झालं, ते मले बाजारात समजलं.” “मग मी काय करू?” चंद्रभान म्हणाला. “तुमी काय करान,” बळीराम म्हणाला आणि प्रूफ गुंडाळून खाली गेला. हा माणूसही आता थोरल्यांची वकिली करायला लागला! चंद्रभाननं तो कपटा शोधून फाडला आणि पुन्हा फाडला. पण छापील टायपात पाहिलेली ती अक्षरं डोळ्यांपुढून जाईनात. कपट्यावर ती खरी वाटली होती. चौकटीत, ठळक, रेघ मारून बसवल्यावर ती एखाद्या रुसलेल्या पोराची वाटत होती, आणि तरी त्यात एक शब्द खोटा नव्हता. याचाच त्याला जास्त राग आला.

घरी पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. प्रमोदिनी आत भाकरी थापत होती. आई फळ्यांवरच्या खाटेवर तशीच बसलेली, जणू सकाळपासून हललीच नव्हती. “टाकलं का कार्ड?” “नाही.” “काहून?” आणि मग मात्र त्याला आवरेना. पोरी अंगणात होत्या याचंही त्याला भान राहिलं नाही. “काहून म्हणजे? तो मोठा, मी लहान. तुयी आग मायी आहे, माय! साऱ्या दुनियेत अशीच रीत आहे. तू कोन बदलणार? मी का पोरगा नाई तुया? सांग ना, मायात काय कमी आहे?” आत भाकरीचा आवाज थांबला. आईनं चेहरा त्याच्या आवाजाकडे वळवला, थोडा डावीकडे. “ओरडू नोको. मी बहिरी नाई झालो अजून,” ती म्हणाली. “औषध टाक आंधी. टाइम होऊन गेला.”

त्यानं कोनाड्यातली बाटली काढली, हात धुतले, तिची मान मागं केली. डाव्या हाताच्या दोन बोटांनी पापणी उघडली. पहिला थेंब गालावर पडला. दुसराही गालावर. रोज असंच व्हायचं, तिसरा-चौथा जागेवर जायचा. “पाह्य,” आई मान मागं टाकल्याटाकल्याच म्हणाली, “एक थेंब टाकाले हात कापते तुया. मायच्या डोयाले लागन म्हून कापते. अन् तू मले जाळशीन?” “जाळीन,” तो म्हणाला. “होईन मायानं.” “होईन,” ती म्हणाली. “मंग जलमभर झोपशीन नाई. मले मालूम नाई का?” तिनं पदरानं गाल पुसला. “आग द्याले कितीक वेळ लागते रे? रुपरावचा हात नाई कापत. त्याले देऊ दे तेवढं. तेवढंच हाय त्याच्यापाशी.” चंद्रभाननं बाटलीचं बूच लावलं. हे पटण्यासारखं नव्हतं. धाकट्याला जन्मात एक मान, तो काढून घ्यायचा, आणि वर हेही सांगायचं की त्याच्यापाशी काही नाही! राग होता तिथंच होता, पण त्याला आता धड पकडायला जागा सापडत नव्हती.

“कार्ड काढ,” आई म्हणाली. त्यानं खिशातून कांदा काढला, मग कार्ड काढलं. ते घामानं मऊ झालं होतं आणि त्याला कांद्याचा वास येत होता. तो खाली बसला, मांडीवर कॅलेंडर घेतलं आणि लिहिलं, ‘कमीजास्त झाल्यास अग्नी तूच दे. चंद्रभानला सांगून ठेवले आहे.’ तिनं वाचून दाखवायला सांगितलं, त्यानं खड्या आवाजात वाचून दाखवलं, जसं टेलिप्रिंटरवरचं काही वाचतो तसं. “अजून लेह्य,” ती म्हणाली. “आता काय राहिलं?” तो खेकसला. मैनाबाई खाटेवर पुढं सरकली. तिचा हात खाटेच्या कडेवरून खाली आला आणि चाचपत चाचपत त्याच्या डोक्यावर पडला.

“लेह्य, गाडी लेट झाली त घाई करू नोको. तुया बापाजवळ दिवसभर बसला होता, तसा चंद्रभान बसते मायाजवळ. माश्या बसू नाई देत तो.”

चंद्रभाननं कार्ड उलटसुलट करून पाहिलं. “जागा नाई उरली, माय,” तो म्हणाला. “पाह्य ना कुठं तरी,” ती म्हणाली. कडेला बोटभर कोरी पट्टी होती. त्यानं कार्ड आडवं धरलं आणि एकही शब्द शुद्ध न करता, ती बोलली होती तसंच, बारीक अक्षरात लिहून काढलं.